वजन, उजेड आणि वेळ

‘लॅपटॉप कोणता घ्यावा?’ हा प्रश्न मराठी शिकवणाऱ्या माणसाला सहसा कोणी विचारत नाही. आम्हांला विचारतात ते अमुक शब्दातला उकार ऱ्हस्व की दीर्घ, किंवा लग्नपत्रिकेच्या मसुद्यात काही चुकले तर नाही ना, एवढेच. परंतु गेल्या चार महिन्यांत आमच्या प्राध्यापक-कक्षात दोघांनी, सोसायटीत तिघांनी आणि डोंबिवली स्थानकाच्या पुलावर गर्दीत रेटारेटी करीत एका गृहस्थांनी मला हाच प्रश्न विचारला. माझ्या खांद्यावरची जुनी धोपटी जाऊन तिथे एक सडपातळ पिशवी आली, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. एरवी आठवड्याला एक पान मिळणाऱ्या या सदराला दिवाळी अंकात ऐसपैस जागा मिळते. ती यंदा या उत्तराच्या कामी लावतो. उत्तर मात्र मला दुकानात सापडलेले नाही. ते आमच्या आत्याच्या ओटीवर सापडले, आणि तेही एकदा हात पोळून घेतल्यावर.

आत्याचे वय चौऱ्याऐंशी. संगमेश्वरच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर तिचे घर आहे. कोकण रेल्वेने संगमेश्वर रोडला उतरायचे, तिथून रिक्षा करायची, आणि रिक्षा जिथे ‘आता पुढे तुमचे पाय’ म्हणून थांबते तिथून नव्वदेक पायऱ्यांची पाखाडी चढायची. आत्याला जात्यावरच्या ओव्या येतात. सासूबरोबर नाचणी दळता दळता शिकलेल्या. जाते आता मागल्या पडवीत पालथे पडले आहे. पण ओव्या तिच्या तोंडी होत्या. गेली तीन वर्षे मी त्या टिपून घेत आहे. तिची एक रीत होती. मागची ओवी वाचून दाखवली की पुढची आपोआप येई. जणू एकीचे बोट दुसरीच्या हातात.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी गेलो तेव्हा आत्या रंगात होती. मी दहा वर्षांचा माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो, आणि वळवाची सर येऊन लाइट गेले. पाऊण तासात माझा पडदाही काळा झाला. तुम्ही म्हणाल, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे होते. केले ना! पण आत्या म्हणाली, “मागली म्हण, म्हणजे पुढली येईल.” आणि मागल्या साऱ्या त्या काळ्या पडद्याच्या आत. मला एक धड आठवेना. “अरे, मास्तर ना तू?” म्हणून ती हसली. मीही हसलो, आणि म्हणालो, “गणपतीत येतो आत्या, तेव्हा घेऊ उरलेल्या.”

श्रावणात आत्या आजारी पडली. गणपतीत गेलो तेव्हा ती मला ओळखत होती, चहा कर म्हणून सुनेला सांगत होती. पण त्या दिवशी ओठांवर आलेल्या ओव्या नाहीशा झाल्या होत्या. त्या किती होत्या आणि कोणत्या, हे आता कोणालाच सांगता यायचे नाही. यात दुखण्याचा दोष किती आणि माझ्या पाऊण तासाचा किती, याचा हिशेब मी अजून करीत असतो.

घरी आल्यावर हे मी सौभाग्यवतींना सांगितले. त्या शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या सांत्वनाचीही एक पद्धत आहे. त्यांनी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “अहो, आधी काय आहे ते तरी मोजू या.” लॅपटॉप भरला २ किलो ३४० ग्रॅम. त्याचा चार्जर, वायरींसकट, ४८० ग्रॅम. पिशवी ९०० ग्रॅम. म्हणजे पावणेचार किलो. डबा, पाण्याची बाटली आणि उत्तरपत्रिका निराळ्या. कन्येने विंडोजमधला बॅटरीचा अहवाल काढून दिला. कारखान्यातून निघाली तेव्हा बॅटरीत ४१ वॅट-तास मावत. आता ११ मावत होते. यंत्र ताशी खाणार साधारण १५. सौभाग्यवतींनी भागाकार केला: चव्वेचाळीस मिनिटे. “बघा, यात अचानक असे काही झालेले नाही,” त्या म्हणाल्या. लिथियम-आयनची बॅटरी काही शे वेळा भरून रिकामी झाली की झिजते, उष्णतेत अधिकच झिजते. मी मात्र तिच्या पहिल्या दिवसाच्या ताकदीवर विसंबून दहा वर्षे गावोगाव हिंडत होतो.

नवा घ्यायचा ठरला. ऐपत साठ हजारांची. सौभाग्यवतींची एक आवर्ती ठेव मे महिन्यात पुरी व्हायची होती आणि तिच्यावर घराच्या रंगाचे नाव होते. रंग पुढे ढकलावा, असे त्यांनीच सुचवले. तेव्हा चूक करायची मुभा नव्हती.

दुकानात शिरताच मला कळले की हल्ली लॅपटॉपही स्थळासारखे दाखवतात. गुण तेवढे पुढे. एका ओळीत बारा-पंधरा मांडलेले, प्रत्येकाच्या पडद्यावर पोपट, समुद्र आणि बर्फाचे डोंगर. विक्रेता तरुण होता, अदबशीर होता. त्याने पहिला उचलून माझ्या तळहातावर ठेवला. “काका, फक्त एक किलो शंभर ग्रॅम!” खरोखरच वहीसारखा. मी हरखलो. कन्या मात्र त्याच्या कार्डावरची बारीक अक्षरे वाचत होती. “बाबा, याची बॅटरी ३८ वॅट-तासांची आहे.” म्हणजे आमच्या जुन्याच्या नव्या दिवसापेक्षाही कमी. हलकेपणा आला कुठून, ते तिथे कळले. सडपातळ यंत्रात जागा आणि वजन वाचवायचे तर बॅटरीवर गदा येते. नव्या जातीच्या यंत्रांना वीज कमी लागते हे खरे. पण आडात कमी असले तर पोहरा जपून सोडावा लागतो.

दुसरा होता साडेपंधरा इंची, बॅटरी भरपूर, वजन पावणेदोन किलो. घरी टेबलावर ठेवणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. मला नव्वद पायऱ्या दिसत होत्या.

“आणि हा बघा, अठरा तास चालतो,” तरुण तिसऱ्याकडे वळून म्हणाला. “काय करीत?” सौभाग्यवतींनी विचारले. तो गोंधळला. अठरा तासांची ही गणती बहुधा पडद्याचा उजेड मंद ठेवून एखादी चित्रफीत अखंड चालवून केलेली असते. आपण तसे वागत नाही. आपण दहा पाने उघडी ठेवतो, वायफाय चालू ठेवतो, खिडकीशी बसलो की उजेड वाढवतो. म्हणून तासांची जाहिरात सोडून द्यावी आणि वॅट-तास विचारावेत. लिहिण्या-वाचण्याच्या साध्या कामाला असे यंत्र ताशी आठेक वॅट-तास खाते, पडदा लख्ख केला तर दहा-अकरा. बॅटरीच्या आकड्याला याने भागले की आपले तास निघतात. इयत्ता चौथीचे गणित आहे. तिसऱ्याची बॅटरी होती ६० वॅट-तासांची. म्हणजे मंद उजेडात साडेसात तास, लख्ख उजेडात साडेपाच. अठरा नव्हेत, पण खरे.

राहिला पडदा. पोपटाला कोणताही पडदा शोभतो. मी तरुणाला म्हटले, “यावर मराठी मजकूर दाखवा.” आणि त्याच्या परवानगीने मीच टंकले: तत्त्व, उद्ध्वस्त, दारिद्र्य, वैशिष्ट्य. माझ्या जुन्या पडद्यावर इंचात शंभर ठिपके होते; तिथे ‘उद्ध्वस्त’ शब्द खरोखरच उद्ध्वस्त दिसे. या चौदा इंची पडद्यावर १९२० बाय १२०० ठिपके, म्हणजे इंचाला सुमारे १६२. जोडाक्षराचा पाय कुठे, मात्रा कुठे, सारे मोकळे. शिवाय हल्लीचे काही पडदे सोळास-नऊऐवजी सोळास-दहा या प्रमाणात येतात. चौदा इंचांत त्याने उंची साधारण दीड सेंटिमीटरने वाढते. वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार वागवणाऱ्या आपल्या लिपीला ती उंची फार मानवते.

मग मी तो यंत्र उचलून दाराकडे निघालो, उन्हाच्या उजेडात वाचून पाहावे म्हणून. चोरी होऊ नये यासाठी बांधलेली तार पोचली तेवढाच गेलो. पण तेवढे पुरले. शेजारचा चकचकीत पडद्याचा लॅपटॉप होता, त्यात मजकुराऐवजी माझे टक्कल दिसले. हा मात्र मॅट, म्हणजे न चकाकणारा होता, आणि त्याची तेजस्विता ४०० निट. खोलीत बसून काम करणाऱ्याला अडीचशे-तीनशे चालते. खिडकीशी, गाडीत किंवा ओटीवर बसणाऱ्याला नाही. पडदा आडवा-तिरपा करून बाजूनेही पाहिला. स्वस्त पडद्यांत बाजूने पाहिले की अक्षरांचे रंग फिरतात; आयपीएस जातीच्या पडद्यात तसे होत नाही. एकाच पडद्याकडे तिघांनी पाहायचे असेल तर हे तपासावे.

शेवटी एकच अडचण. हलक्या यंत्रांपैकी पुष्कळांत स्मृती, म्हणजे रॅम, मूळ पाटीवरच डाखलेली असते. ती मागाहून वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबीची घेतली, आणि हिशेब चौसष्ट हजारांवर गेला. वरच्या चार हजारांचे काय, ते मी इथे लिहीत नाही. दिवाळी अंकाचे मानधन अजून यायचे आहे.

तसे पाहिले तर आपण सुखी काळात जन्मलो. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न नावाचा ‘उचलून नेता येणारा’ संगणक आला. त्याचे वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंचांचा आणि आत बॅटरी नाहीच! १९९१ साली लिथियम-आयनच्या बॅटऱ्या बाजारात आल्या आणि हे ओझे हळूहळू उतरत गेले. तरीही त्या जुन्या तिढ्याचा पीळ संपलेला नाही. पडदा उजळ करा, बॅटरी लवकर सरते. बॅटरी मोठी करा, वजन वाढते. वजन उतरवा, पुन्हा बॅटरीवर येते. साठ हजारांत तिन्ही देव एकदम प्रसन्न होत नाहीत. तेव्हा आपल्या कामातला सर्वांत अडचणीचा तास कोणता, हे आधी घरी बसून ठरवावे आणि त्या तासासाठी यंत्र घ्यावे. बाकीचे तास कोणत्याही यंत्रावर निभतात. पुलावरच्या त्या गृहस्थांना मला इतकेच सांगायचे होते. पण तेवढ्यात त्यांची गाडी लागली.

आमचा अडचणीचा तास आम्हांला ठाऊक होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्यापूर्वी, कन्येला घेऊन मी संगमेश्वरला गेलो. निघताना काट्यावर ठेवले होते: यंत्र १ किलो ३८०, चार्जर ३००, पिशवी ४००. पाखाडीवर पिशवी कन्येच्या पाठीवर होती आणि ती माझ्या पुढे पंधरा पायऱ्या. वर पोचलो तर पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद. मी आणि कन्या एकमेकांकडे पाहून काही बोललो नाही.

दहा वाजता ओटीवर बसलो. आत्या मध्ये, आम्ही दोघे दोन बाजूंना. अंगणातले ऊन थेट समोरून येत होते. पडदा पूर्ण उजळ केला. कन्या एकेक जुनी ओवी सावकाश वाचू लागली. पहिली दहा-बारा आत्या नुसती ऐकत राहिली. मग तिचे ओठ हलू लागले. मग मध्येच एकदा ती पुढे गेली. कन्येच्या पुढे, पडद्यावर नव्हते तिथे. मी श्वास रोखून टंकले. असे दुपारपर्यंत अकरा वेळा झाले. अकरा नव्या ओव्या. त्या गेल्या वर्षीच्याच असतील का? असतील किंवा नसतीलही.

एकदा अक्षरे मोठी करून पडदा तिच्यापुढे धरला. आत्या चौथी शिकलेली. बोट ठेवून तिने एक ओवी वाचली, आणि विचारले, “ही मी सांगितली होय?”

“तूच, आत्या.”

“बरी आहे की,” ती म्हणाली.

पावणेदोन वाजता ती म्हणाली, “आता पुरे रे बाबा, दमले.” सून तिला आत माजघरात घेऊन गेली. मी कोपऱ्यातला आकडा पाहिला. बॅटरी अजून तेहतीस टक्के होती. या वेळी थांबवले ते आत्याने, यंत्राने नव्हे.

घराच्या भिंती यंदाच्या दिवाळीतही जुन्याच रंगाच्या आहेत. सौभाग्यवती म्हणतात, पणत्यांच्या उजेडात कुठे कळतेय. दिवाळीनंतर, थंडी पडली की, पुन्हा आत्याकडे जायचे आहे. या खेपेला त्याही येणार आहेत. वाचकहो, तुमच्या घरात खरेदीचा विचार असेल तर आपल्या वजनाचा काटा, आपला मजकूर आणि आपला भागाकार बरोबर घेऊन जा. आणि कोणाकडून काही लिहून घ्यायचे राहिले असेल, तर त्यासाठी नव्या लॅपटॉपची वाट पाहू नका. वही आणि पेन्सिल यांना चार्जर लागत नाही.