विश्लेषण : भरतीसाठी महागडे बूट हवेतच का?

मुदखेडला सीआरपीएफचे प्रशिक्षण केंद्र असल्याने वर्दीचे स्वप्न इथल्या मुलांना जवळचे वाटते. मात्र सरावाला लागताच पहिला प्रश्न येतो बुटांचा. आठ हजारांचा जोड म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानेही दीड क्विंटल सोयाबीन. एवढा खर्च खरेच गरजेचा आहे का?

पणाला काय?
राज्य पोलीस भरतीत मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण पुरुषांना १६०० मीटर धावण्यासाठी असतात. सीआरपीएफसाठी ५ किलोमीटर २४ मिनिटांत पूर्ण करावे लागतात.

कोणता बूट?
टेनिसचे बूट महाग आणि मजबूत असतात, पण ते आडव्या हालचालींसाठी बनवलेले असतात. जाड कडा आणि कडक तळ यामुळे सरळ धावताना त्यांचे वजनच होते. धावण्याचा बूट हलका असावा आणि चवड्याशी सहज वाकावा.

मोजमाप कसे?
पाय संध्याकाळी थोडे सुजतात, म्हणून बूट तेव्हाच मोजे घालून बघावा. पुढे अंगठाभर जागा हवी, टाच मात्र सरकता कामा नये. नवा जोड थेट चाचणीच्या दिवशी घालू नये.

किंमत किती?
सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के, त्यावर १८ टक्के आहे. नवशिक्याला या मर्यादेतला, पायात नीट बसणारा बूट पुरेसा आहे. उरलेले पैसे दूध-अंड्यांवर खर्च झाले तर ते जास्त कामी येतील.