खुर्ची भाडेकरूची, तिजोरी मालकाची

इंग्लंडमध्ये नगरपरिषदेच्या मालकीच्या घरांत राहणाऱ्या भाडेकरूंना संघटित होऊन घरांचा कारभार हाती घेण्याचा हक्क १९९४ सालीच मिळाला. लंडनच्या केन्सिंग्टन व चेल्सी विभागात १९९६ साली 'भाडेकरू व्यवस्थापन संस्था' उभी राहिली. जवळपास दहा हजार घरे तिच्या ताब्यात आली. संचालक मंडळावर रहिवाशांनी निवडून दिलेली माणसे बसली. कागदावर पाहिले तर भाडेकरूंचे राज्य आले!

प्रत्यक्षात काय घडले? याच संस्थेच्या कारभाराखालील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली. ७२ माणसे मरण पावली. मृतांत स्थलांतरित व गौरेतर कुटुंबांतील माणसांची संख्या मोठी होती. आग चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात लागली, पण ती इमारतभर पसरली ती नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणामुळे. आधी जस्ताचे आवरण सुचवले होते. खर्च वाचवण्यासाठी प्लॅस्टिकचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आले.

रहिवासी गप्प बसले होते काय? मुळीच नाही. मोठी जीवितहानी झाल्याशिवाय या कारभाऱ्यांना जाग येणार नाही, असा जाहीर इशारा रहिवाशांच्या गटाने नोव्हेंबर २०१६ मध्ये दिला होता. चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल ४ सप्टेंबर २०२४ रोजी आला. त्याने पत्रे विकणाऱ्या कंपन्या, सरकार आणि परिषद, सर्वांनाच दोषी धरले. तक्रार करणाऱ्या काही रहिवाशांकडे संस्था भांडखोर म्हणून पाहत होती, हेही त्यात नमूद आहे.

नाव भाडेकरूंचे, मग भाडेकरूच शत्रू कसे ठरले? इमारत परिषदेची आणि नूतनीकरणाचा पैसाही परिषदेचा. निवडून आलेला भाडेकरू संचालक झाला की कायद्याने त्याची बांधिलकी संस्थेशी. ज्यांनी निवडून दिले त्यांच्याशी नव्हे. जागा मिळणे आणि त्या जागेवरून आपल्या माणसांचे बोलता येणे, यातला फरक चळवळीच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

मार्च २०१८ मध्ये परिषदेने कारभार परत घेतला. २०२३ साली सामाजिक गृहनिर्माणाचा नवा कायदा झाला. एक हजारांहून अधिक घरे असलेल्या परिषदांची व गृहसंस्थांची नियमित तपासणी एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. रॉचडेलमध्ये घरातील बुरशीमुळे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांच्या बालकाचा बळी गेला होता. त्यातून आलेला नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला: तातडीचा धोका २४ तासांत दूर करायचा, धोकादायक ओल-बुरशीची चौकशी कामाच्या १० दिवसांत करायची. आता तक्रारीला मुदत आहे, मुदत चुकली तर मालकाला जाब आहे.

ही प्रगती खरी, पण अपुरी. मुदतीमुळे भाडेकरूची तक्रार ऐकावी लागेल. निर्णय मात्र अजूनही मालकाच्याच हाती आहे. हिशेब कोण पाहणार? ठेका कोणाला, कोणते सामान, हे कोण ठरवणार? धोकादायक काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा? या तीन प्रश्नांचे उत्तर 'भाडेकरूंचा' असे येत नाही तोवर सहभाग हा शब्द फसवा आहे. घर ज्याचे जळते, त्याचा शब्द शेवटचा असला पाहिजे!