सोंडा, पण कामाचा

मागच्या रविवारी सासुरवाडीला गेलो, तेव्हा सासूबाई सुपातल्या तांदळातले सोंडे निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, यांचाच एक भाऊबंद सरकारी संस्थेनं परदेशातून मुद्दाम आणलाय." त्या हसल्या. "यप्पा! घरातले कमी पडले काय?"

पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गावच्या तळ्यावर जलपर्णी माजली होती. आपल्याकडे कन्नडात तिला अंतरगंगेही म्हणतात. मेहुणा पंप भरून तणनाशक मारायच्या तयारीत होता. त्याच तळ्यावर म्हशी पाणी पितात.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या हौसेपोटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली. तिला खाणारे किडे मात्र तिकडेच राहिले. म्हणून १९८२ साली बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं निओचेटिना जातीचे दोन सोंडे मागवले. ते पिकांना तोंड लावत नाहीत, याची खात्री करून ते तळ्यांत सोडले. बेंगळुरूच्या काही तळ्यांत त्यांनी काही वर्षांत जलपर्णी आटोक्यात आणली.

तळ्यावर जाऊन मी एक पान उपटलं. त्यावर खरवडल्यासारखे बारीक ठिपके होते. सोंडे आधीच आले होते! मोठा सोंडा रात्री पान कुरतडतो, अळी देठ पोखरत खाली उतरते आणि कोष पाण्याखाली मुळांशी बांधते. फवारणी केली तर देठातली अळीही झाडाबरोबर जाणार. शिवाय सगळी जलपर्णी एकदम कुजली, तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरणार.

मेहुणा चिडला. "दाजी, किड्यांच्या भरवशावर किती वर्षं बसायचं?" त्याचं चूक नव्हतं. या कामाला वर्षं लागतात. त्यात गावचं गटार तळ्यात येतं, तोवर जलपर्णीला खत मिळतच राहणार.

शेवटी सासूबाईंनीच निवाडा केला. "घाटाजवळची हातानं काढा. सोंडे लागलेला एक कोपरा बियाणं राखतो तसा राखा." पंप परत गोठ्यात गेला.

गटार वळवण्याचा पंचायतीला द्यायचा अर्ज मात्र माझ्या गळ्यात पडला. कन्नडात लिहिला. चुका सासूबाईंनी काढल्या.