गुंड्याभाऊंचा धडा

माझ्या लहानपणी मोरगावात आमच्या आळीत एकाच घरी दूरदर्शन संच होता. चिमणराव-गुंड्याभाऊ लागले, की ती ओसरी माणसांनी भरून जाई. चिं. वि. जोशी यांच्या या मानसपुत्रांना मुंबई दूरदर्शनने पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकरांचा भित्रा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा सोटाधारी गुंड्याभाऊ घरोघरचे झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये कर्वे वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले, तेव्हा ‘गुंड्याभाऊ गेले’ असेच अनेकांच्या तोंडून निघाले. नटाला याहून मोठी पावती कोणती? परंतु या पावतीआड एक गोष्ट झाकली गेली. कर्वे मुंबई महापालिकेत अभियंता होते. नोकरी सांभाळून त्यांनी रंगभूमीची सेवा केली.

आज कऱ्हाकाठची मुलेही शिक्षण अर्धवट टाकून मालिकेत काम मिळविण्यासाठी मुंबई गाठतात. दैनंदिन मालिकांचे चित्रीकरण दिवसभर चालते. नोकरी सांभाळून ते जमणे कठीण, हे मान्य. म्हणूनच पदवी किंवा एखादे कौशल्य आधी हाती असणे अधिक अगत्याचे आहे. मालिका संपते, चेहरा विस्मरणात जातो. घरभाडे मात्र थांबत नाही. पोटाची सोय असलेला कलावंतच न पटलेली भूमिका नाकारू शकतो.

पालकांनी मुलांची हौस मोडू नये. मात्र मयूरेश्वराला नवस बोलण्याआधी त्यांना गुंड्याभाऊंमागचे बाळ कर्वे अवश्य सांगावेत.