हौशी कोण आणि धंदेवाईक कोण?

हौशी खेळाडू तेवढा खरा, धंदेवाईक हा खेळाचा व्यापारी, हे मत आमच्या सुशिक्षित वर्गात फार दिवसांपासून मान्यता पावलेले आहे. नाटकमंडळ्यांच्या चर्चेत ते आपण ऐकत आलोच आहोत. पण मुष्टियुद्धाचा विषय निघाला म्हणजे ते विशेष आवेशाने पुढे येते. पैसे घेऊन दुसऱ्याचे नाक फोडणाऱ्या माणसाविषयी सहानुभूती ती कसली, आणि मिळविलेले पैसे त्याने घालविले तर हळहळण्याचे कारण काय, असे आम्हांस विचारण्यात येते. या मताच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेचा हेवीवेट जगज्जेता जो लुई याचा दाखला देण्याची चाल आहे: लाखो डॉलर कमावले आणि अखेर कफल्लक झाला! आमचे म्हणणे इतकेच की, हा दाखला देणाऱ्यांनी लुईचे चरित्र लक्षपूर्वक वाचलेले दिसत नाही.

लुईचा जन्म १९१४ साली आलाबामा संस्थानात, शेतात राबणाऱ्या एका गरीब कृष्णवर्णी कुटुंबात झाला. १९२६ साली हे कुटुंब डेट्रॉइटला आले. आईने व्हायोलिनच्या शिकवणीसाठी दिलेले पैसे मुलाने मुष्टियुद्धाच्या तालमीत भरले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १९३२ साली पहिल्याच हौशी सामन्यात जॉनी मायलर याने त्याला पुनःपुन्हा लोळविले. तरी पुढील दोन वर्षांत त्याने ५४ पैकी ५० हौशी सामने जिंकले आणि १९३४ च्या एप्रिलात तो लाइट हेवीवेट गटाचा राष्ट्रीय हौशी विजेता झाला. आता या हौसेचे स्वरूप पाहा. हौशी योद्ध्याच्या हाती रोख पैसा देणे हा नियमभंग; म्हणून त्याला दुकानातून जिन्नस घेण्याची चिठ्ठी देत. प्रेक्षकांकडून तिकिटाचे पैसे मात्र रोखच घेतले जात, आणि त्याने कोणाच्याही शुद्धतेस बाध येत नसे. ज्या घराने मंदीच्या दिवसांत सरकारी मदतीवर पोट भरले, त्या घरच्या मुलाने केवळ हौस म्हणून मार खावा, ही अपेक्षा आरामखुर्चीत बसूनच करता येते.

४ जुलै १९३४ रोजी लुई शिकागोत धंदेवाईक म्हणून उभा राहिला. जॉन रॉक्सबरो व जूलियन ब्लॅक हे त्याचे व्यवस्थापक, जॅक ब्लॅकबर्न हा वस्ताद. जॅक जॉन्सन या कृष्णवर्णी जगज्जेत्याने १९१५ साली पद गमावल्यापासून त्या पदासाठी झुंजण्याची संधी कोणाही कृष्णवर्णीयास मिळाली नव्हती. म्हणून लुईला बंधने घालण्यात आली: पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसू नये, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू देऊ नये. पैसा मिळू लागताच त्याने केलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक म्हणजे, कुटुंबाने घेतलेल्या मदतीची रक्कम डेट्रॉइट शहरास परत केली. असा हा पैशाचा लोभी!

१९३६ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला हरविले. २२ जून १९३७ रोजी जेम्स ब्रॅडॉकला हरवून तो जगज्जेता झाला. या लढतीला मान्यता देण्यापूर्वी ब्रॅडॉकच्या व्यवस्थापकाने सामने भरविणारे माइक जेकब्स यांच्या पुढील दहा वर्षांच्या हेवीवेट नफ्यात दहा टक्क्यांचा वाटा मागून घेतला, आणि तो देण्यातही आला. बरोबर एका वर्षाने, नाझी सत्तेचा डांगोरा जगभर वाजत असता, लुईने श्मेलिंगला १२४ सेकंदांत निकालात काढले. या विजयाचे वर्णन सर्वत्र आढळते. आम्ही ते लांबवीत नाही.

आम्हांस बोलावयाचे आहे ते १९४२ सालाविषयी. त्या वर्षी ९ जानेवारीस लुई बडी बेअरशी लढला आणि आपला सारा मोबदला त्याने आरमाराच्या साहाय्यक निधीस दिला. ज्या आरमारात त्या काळी कृष्णवर्णीयास स्वयंपाकघराच्या व वाढप्याच्या कामापलीकडे प्रवेश नव्हता, तेच हे आरमार! पुढे २७ मार्चला एब सायमनशी लढून मिळालेले पैसे त्याने भूसेनेच्या निधीस दिले. मधल्या काळात तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला होता. जगज्जेतेपद पणास लावून फुकट लढणारा हा इसम हौशी की धंदेवाईक? आमच्या शुद्धतावाद्यांनी याचे उत्तर द्यावे. अमेरिकेच्या करखात्याने ते केव्हाच दिले: दान केलेली रक्कमही लुईच्या करपात्र उत्पन्नात धरली गेली.

सारे कर्ज याच दोन सामन्यांमुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. १९४६ साली बिली कॉनशी झालेल्या पुनर्लढतीत लुईच्या वाट्यास सहा लाखांवर डॉलर आले, पण व्यवस्थापकांचा वाटा, जुनी देणी आणि कर यांत ते विरून गेले. त्याचा हात सढळ होता, गोल्फवर तो पैजा हरला, मागणाऱ्याला त्याने नाही म्हटले नाही, हेही खरे. परंतु हिशेब ठेवणे ज्यांचे काम होते, त्यांना दोष देताना आमचे आक्षेपक कधी आढळले नाहीत. २५ वेळा पद राखून १९४९ साली निवृत्त झालेला लुई १९५० साली पुन्हा उभा राहिला तो करासाठी. एझर्ड चार्ल्सने त्याला गुणांवर हरविले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. त्या वर्षी आयकराचा सर्वांत वरचा दर ९१ टक्के असल्याने, जिंकून तरी मूळ देणे किती फिटले असते याचा हिशेब वाचकांनीच करावा. व्याज चालूच होते. १९५३ साली आई वारली. तिने त्याच्यासाठी ठेवलेले ६६७ डॉलरही करखात्याने जप्त केले.

त्यानंतर लुई पोटासाठी कुस्तीच्या तमाशांत उतरला, आणि शेवटी लास व्हेगासच्या एका जुगारगृहात गिऱ्हाइकांचे स्वागत करीत बसला. काही वर्षांनी करखात्याने वसुली चालू उत्पन्नापुरती मर्यादित केली. १२ एप्रिल १९८१ रोजी तो निवर्तला. अध्यक्ष रेगन यांनी नियम शिथिल केल्यामुळे आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला लष्करी इतमामाने पुरण्यात आले. अंत्यविधीच्या खर्चास हातभार लावणाऱ्यांत जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग होता.