करसल्लागाराचे बारा महिने

नाशिकहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर असून गेलीं तीन वर्षें घरच्या घरीं प्राप्तिकराचीं विवरणपत्रें भरून देण्याचा व्यवसाय करतात. त्या लिहितात, ‘‘जुलै महिन्यांत जेवावयास सवड नसते, आणि ऑगस्ट लागला कीं माझ्या दाराकडे कोणी फिरकत नाहीं. सासूबाई म्हणतात, हा धंदा नव्हे, ही सुगी आहे. हें काम सोडून कोठें नोकरी धरावी काय?’’

प्रश्न एका भगिनीचा असला, तरी आमच्या वाचकांच्या पुष्कळ घरांतून आज कोणी ना कोणी हा व्यवसाय करीत आहे, आणि उरलेल्या घरांतून कोणी ना कोणी अशा सल्लागाराकडे जात आहे. सबब या खेपेस त्याचाच विचार करूं. आम्ही कांहीं कायदेपंडित नव्हों. आमचा जन्म शाळेंत व्याकरण शिकविण्यांत गेला. परंतु अशिलाच्या बाजूनें जें पाहिलें, आणि या धंद्यांत मुरलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें जें समजावून दिलें, त्यावरून चार शब्द लिहितों.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतों. आमच्या धाकट्या बंधूंनीं नोव्हेंबर २०२४ मध्यें कोंकणांतील आपलें घर विकलें. तें त्यांनीं वीस वर्षांपूर्वीं स्वकमाईंतून घेतलें होतें. नफा अठरा लाखांचा निघाला. पुतणी तेव्हां आठवींत होती; तिच्या पुढील शिक्षणासाठीं ही रक्कम राखावयाची, असा बेत होता. पैसे बँकेंत ठेवून बंधू निश्चिंत झाले. पुढें जुलै २०२५ मध्यें नेहमींप्रमाणें कागद घेऊन ते सल्लागाराकडे गेले, आणि बोलतां बोलतां घराचा विषय निघाला. सल्लागारांनीं कपाळाला हात लावला. घर किंवा जमीन विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा विक्रीपासून सहा महिन्यांच्या आंत सरकारनें नेमून दिलेल्या रोख्यांत पांच वर्षांकरितां गुंतविला, तर ५० लाख रुपयांपर्यंत त्यावर कर पडत नाहीं. ती मुदत मे महिन्यांतच सरली होती. त्या वर्षीं विवरणपत्राची मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली. पण रोख्यांची मुदत कांहीं तिच्याबरोबर वाढत नाहीं. शेकडा साडेबारा दरानें सव्वादोन लाख रुपये कर, त्यावर उपकर, शिवाय डिसेंबर व मार्चमधील आगाऊ कराचे हप्ते चुकल्याबद्दल दरमहा शेकडा १ प्रमाणें व्याज, इतकें सारें त्या मुलीच्या पैशांतून गेलें.

दोष कोणाचा? बंधूंनीं सांगितलें नाहीं हा त्यांचा, आणि सल्लागारांनीं विचारलें नाहीं हा त्यांचा. दोघेही सज्जन व प्रामाणिक. परंतु दोघांची भेट वर्षांतून एकदांच, आणि तीही सगळें होऊन गेल्यावर. जुलैमध्यें सल्लागार जें घडून गेलें तेंच लिहून घेतो. जें घडावयाचें आहे तें सुधारण्याची संधि त्याला उरलेल्या अकरा महिन्यांतच मिळते.

ही कांहीं आमच्या डोक्यांतील नवी कल्पना नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हिशेबखात्याचें जें प्रकरण आहे, त्यांत वर्षाचे हिशेब मोहोरबंद वह्यांसह आषाढांत आणावे असें सांगितलें आहे. पण तेवढ्यानें त्या ग्रंथकाराचें समाधान होत नाहीं. हिशेब रोज, पांच दिवसांनीं, पंधरवड्यानें, महिन्यानें, चार महिन्यांनीं आणि वर्षानें असा पुनःपुन्हां ताडून पाहावा, असें तो बजावतो. आषाढ सुखाचा जावा, यासाठींच मागची सारी दगदग.

आतां या भगिनीनें वर्ष कसें वांटून घ्यावें तें सांगतों. एका जाड वहींत प्रत्येक अशिलास एक पान द्यावें. एप्रिलमध्यें प्रत्येकास छोटेंसें पत्र धाडून गतवर्षाचे कागद कोणते जमवावयाचे त्याची यादी द्यावी. वृद्ध मंडळींचें उत्पन्न करपात्र नसेल, तर बँकेनें व्याजावर कर कापूं नये म्हणून द्यावयाचें घोषणापत्र याच महिन्यांत भरून द्यावें. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या बँकव्याजावर वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत कर कापला जात नाहीं. मात्र कापला जात नाहीं म्हणजे लागत नाहीं असें नव्हे, हेंही समजावून सांगावें. १ एप्रिल २०२६ हा २०२५ च्या नव्या कायद्याच्या अंमलाचा पहिला दिवस. १९६१ च्या कायद्यांतील ‘पूर्ववर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडीऐवजीं नव्यांत ‘करवर्ष’ असा एकच शब्द आहे. जुन्या जोडीनें भल्याभल्यांचा गोंधळ उडे. हा बदल अशिलांस दोन ओळींत कळवावा.

पुढचे टप्पे कायद्यानेंच आंखून दिले आहेत. आगाऊ कराचा हिशेब १५ जूनपर्यंत शेकडा १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० असा आहे. कापलेला कर वजा जातां देणें १० हजार रुपये वा अधिक निघालें, तर हे हप्ते भरावे लागतात. साठीच्या पुढील ज्यांना धंद्याचें उत्पन्न नाहीं, त्यांना यांतून सूट आहे. प्रत्येक तारखेच्या आठ दिवस आधीं वही उघडावी व ज्यांना हप्ता लागू आहे त्यांना कळवावें. जुलैमध्यें विवरणपत्र भरल्यावर तें तीस दिवसांच्या आंत पडताळून द्यावयाचें असतें. तें राहिलें तर सगळा खटाटोप पाण्यांत जातो.

डिसेंबरच्या आठवणीस आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतों. कारण तेव्हां चुकलें तें सुधारण्यास वेळ असतो. त्या वेळीं चार प्रश्न अवश्य विचारावे. घरांत कांहीं विकलें वा घेतलें काय? कोणी नोकरी बदलली काय? कोणी निवर्तलें, किंवा वांटणी झाली काय? मुलगा वा मुलगी परदेशीं जाऊन तेथें खातें उघडलें काय? यांतील प्रत्येक प्रश्नामागें खर्चाची एक गोष्ट आहे. वर्षाच्या मध्यें नोकरी बदलणाऱ्यास दोन्ही कचेऱ्या सवलती पुऱ्या धरतात, कर कमी कापतात, आणि जुलैमध्यें तो बिचारा चकित होतो. गृहस्थ निवर्तल्यास त्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचें विवरणपत्र वारसानें भरावयाचें असतें. शोकांत असलेल्या घरास हें सांगणारा कोणीतरी हवा. आणि आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांतून तर अविभक्त कुटुंब ही कायद्यानें निराळी करदाती व्यक्ति आहे, तिचा पॅन क्रमांक निराळा. वडिलोपार्जित मालमत्तेचें उत्पन्न कुटुंबाचें कीं कर्त्याचें, हें आधींच ठरवून लिहून ठेवावें.

दोन गोष्टी आचारधर्माच्या. सरकारी नोंदींत अशिलाचाच दूरध्वनि व पत्ता द्यावा, आपला देऊं नये. नाहींतर खात्याची नोटीस अशिलास कधीं कळतच नाहीं. आणि ‘‘परतावा वाढवून देतों, त्यांतला हिस्सा द्या’’ या वाटेस जाऊं नये. जुलै २०२५ मध्यें खोट्या वजावटी लावणाऱ्या मध्यस्थांवर प्राप्तिकर खात्यानें देशभर झडत्या घातल्या. खोटी भाडेपावती लावणाऱ्या सल्लागाराचा शेजारी अधिक पैसे मिळवतो, हें पाहून मन डळमळतें खरें. पण सही अशिलाची असते, आणि दंड त्याच्या घरावर येतो.

मेहनतान्याविषयीं म्हणाल, तर तो विवरणपत्रागणिक न घेतां वर्षाचा ठरवावा व चार हप्त्यांत घ्यावा. प्रथम सगळे कबूल होणार नाहींत. दहा घरें झालीं तरी आरंभ करावा. आणि आमच्या गृहस्थ वाचकांनींही ध्यानांत ठेवावें, कीं ज्यास आपण वर्षांतून एकदां भेटतों, त्याच्याकडून वर्षभराच्या काळजीची अपेक्षा करणें न्यायाचें नव्हे. घर विकण्यापूर्वीं एक फोन करावा, विकल्यावर नव्हे.

बंधूंनीं आपले सल्लागार बदलले नाहींत. चूक दोघांची होती, हें दोघांनींही मान्य केलें. गेल्या डिसेंबरांत आम्ही बंधूंकडे गेलों असतां त्यांचाच फोन आला. ‘‘काय, घरांत कांहीं नवें-जुनें?’’ एवढेंच त्यांनीं विचारलें. नाशिकच्या भगिनीनें नोकरी शोधण्यापूर्वीं एक वर्ष हा प्रश्न आपल्या अशिलांना विचारून पाहावा, आणि मग आम्हांस पुन्हां लिहावें.