पोत्यात बांधलेल्या 41 ट्यूब

इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडमधून मी तीस वर्षं वायरिंग केलं. हल्ली कामं बहुतेक एकाच प्रकारची असतात: ट्यूबची जुनी पट्टी काढा, एलईडी लावा. काढलेल्या ट्यूबचं काय करायचं, हे कुणीच विचारत नाही. त्या उकिरड्यावर जातात आणि पोरं त्या फोडतात. आत हवा जवळपास नसल्यामुळे बार झकास होतो. लहानपणी मीही फोडल्यात.

त्या बारासोबत पाराही बाहेर पडतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? ट्यूबमध्ये थोडा आर्गॉन वायू आणि काही मिलिग्रॅम पारा असतो. बटण दाबलं की स्टार्टर लुकलुकतो, टोकांच्या तारा तापतात. स्टार्टर सुटला की चोक झटका देतो आणि वीज पाऱ्याच्या वाफेतून वाहू लागते. (एखाद्याची ट्यूब उशिरा पेटते म्हणतात, ते यावरूनच.) वाफेतून निघणारा मुख्य किरण 254 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी तो शोषते आणि उजेड देते. भुकटी वगळून क्वार्ट्झची नळी वापरली, की तोच किरण पाण्यातले जंतू मारतो.

चौकातले पाऱ्याचे दिवे वेगळेच नखरेल. वीज जाऊन परत आली तरी नळी निवेपर्यंत पेटायचे नाहीत, आणि शिव्या मला. त्यांच्या उजेडात लाल रंग नावालाच. लाल लुगडं काळपट दिसायचं.

या वाफेनं आपल्या रात्रपाळ्या उजळल्या, म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. पण 2023 मध्ये जिनिव्हात पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या देशांनी 2027 अखेरपर्यंत ट्यूबचं उत्पादन थांबवायचं ठरवलं, आणि भारत त्या करारात आहे. म्हणजे येत्या काळात जुन्या ट्यूब ढिगानं निघणार. 2016 च्या ई-कचरा नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली होती. माझं म्हणणं साधं आहे: जो दुकानदार नवी एलईडी विकतो, त्यानंच जुनी ट्यूब काउंटरवर घ्यावी आणि कंपनीनं ती त्याच्याकडून उचलावी. मी दोन दुकानांत विचारलं. एक हसला. दुसरा म्हणाला, "काका, घंटागाडीत टाका की!"

माझ्या पडवीत वर्तमानपत्रात गुंडाळून, पोत्यात बांधलेल्या 41 ट्यूब उभ्या आहेत. नातवाला तिकडं जाऊ देत नाही.